स्नोशूज घेताना पायाचा नंबर विसरा

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर लागला की मुंबईकर ट्रेकर सह्याद्री सोडून हिमालयाची तिकिटं काढतात. जॅकेटवर हजारो उडवतात आणि पायांचा विचार शेवटी. असो.

स्नोशूज म्हणजे बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी. त्या वजन पसरवतात, म्हणून पाय बर्फात रुतत नाही. त्यामुळे स्नोशूज पायाच्या नंबरावर घ्यायचे नसतात, वजनावर घ्यायचे असतात. वजन म्हणजे तुमचं, कपड्यांचं, बुटांचं आणि भरलेल्या सॅकचं. सॅक पाठीवर चढवा आणि घरच्या काट्यावर उभे राहा. 80 किलोच्या आत असाल तर 22 इंच लांबीचे, 100 पर्यंत 25 इंची, त्यापुढे 30 इंची. हिशेब ढोबळ आहे, कंपनीचा तक्ता पाहाच. बर्फ ताजा, भुसभुशीत असेल तर एक माप वर जा. वाट तुडवलेली असेल तर छोटेच बरे. मोठ्यांत पाय फेंगडे टाकावे लागतात.

वजन पसरवायची ही युक्ती किती जुनी? तो किस्सा सांगायलाच हवा. 2003 साली, इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, 3134 मीटर उंचीवर इटलीच्या लष्करी भूगोल संस्थेतला एक नकाशाकार काम करत होता. हिमनदीजवळ त्याला लाकडाची वाकवलेली फांदी दिसली, तिला दोरी बांधलेली. कुणा शेतकऱ्याच्या पणजोबाचं असेल, असं समजून त्याने ती उचलली आणि ऑफिसात ठेवून दिली. किती वर्षं? बारा! आपल्याकडे असती तर पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेली असती. शेवटी त्याने ती पुरातत्त्वज्ञांना दाखवली. कार्बन चाचणी झाली. तो होता बर्चच्या लाकडाचा स्नोशू, इसवी सनापूर्वी 3800 ते 3700 या काळातला. म्हणजे सुमारे 5800 वर्षं जुना, ओट्झी, म्हणजे आल्प्सच्या बर्फात गोठलेल्या अवस्थेत सापडलेला तो प्रसिद्ध प्राचीन माणूस, त्याच्याही आधीचा! गोल वाकवलेली फांदी, मध्ये दोरी, झालं काम.

आजच्या जोड्यात पाहायचे ते खालचे दात. चवड्याखाली असतातच, कडांनाही हवेत, नाहीतर उतारावर आडवं जाताना पाय बाजूला घसरतो. उभ्या चढासाठी टाचेखाली उचलायची पट्टी असली तर पोटऱ्या वाचतात. पट्टे दुकानातच जाड हातमोजे घालून बांधून-सोडून बघा. हातातल्या ट्रेकिंगच्या काठ्यांच्या टोकाला रुंद चकत्या लावा, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते. आणि कडक, निसरड्या बर्फाच्या उभ्या उतारावर स्नोशूज नकोतच, तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लांब अणकुचीदार दात. उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकच्या तुडवलेल्या वाटेवर तर बहुतेकदा मायक्रोस्पाइक्सवर, म्हणजे बुटांवर चढवायच्या छोट्या दातांच्या साखळ्यांवर, भागतं. फोटोपुरते स्नोशूज वाहू नका.

पुन्हा सांगतो: सॅकसकट वजन, मग बर्फाची जात, मग दात.

माळ्यावरचे जुने ट्रेकिंग बूटही तपासा. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर मुंबईच्या दमट हवेत वापराविनाही कुजतो आणि ऐन वाटेवर सोल गळून पडतो. निघण्याआधी आठवडाभर ते घालून शिवाजी पार्कला फेऱ्या मारा.