आधी प्यादी बघा

नमस्कार मंडळी! मी उभी आहे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर, आणि माझ्या हातात आहे बुद्धिबळातलं एक प्यादं. साधं, लाकडी.

राज्यकर्ते आणि त्यांचा काळ पटावर मांडणारे कलाकार अनेक झाले. असा संच समोर आला की आपण आधी राजा शोधतो. माझं म्हणणं, आधी प्यादी बघा.

१९२० च्या दशकातला रशियातला एक संच घ्या. शिल्पकार नताल्या डान्को. कारखाना तोच, जिथे क्रांतीआधी झारच्या मेजवान्यांची चिनी मातीची भांडी घडायची. पांढऱ्यांचा, म्हणजे क्रांतीच्या विरोधकांचा, राजा हा चिलखत घातलेला सांगाडा, साक्षात मृत्यू! त्याची प्यादी साखळदंडांनी जखडलेली. लालांचा, म्हणजे क्रांतिकारकांचा, राजा हातोडेवाला कामगार, आणि प्यादी विळा घेतलेले कापणीकरी. पहिली खेळी व्हायच्या आधीच कोण जिंकायला हवं ते ठरलेलं. हा प्रचार आहे, पण हात कसलेल्या कलावंताचा आहे.

आता आपल्याकडे या. त्याच्या शंभरेक वर्षं आधी बंगालमधले, मुर्शिदाबादकडचे कारागीर हस्तिदंताचे संच कोरत होते. गिऱ्हाईक इंग्रज. संग्राहक त्यांना ‘जॉन कंपनी’ संच म्हणतात, कारण एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसरीकडे हिंदी राजा, हत्तीवर अंबारीत बसलेला. आणि कंपनीची प्यादी? बंदूकधारी हिंदी शिपाई. म्हणजे दोन्हीकडे मरायला पुढे आपलीच माणसं, आणि ती कोरणारे हातही आपलेच. मला हे बघवत नाही, आणि नजरही हटत नाही.

पुण्यात हाच डाव खरा झाला. ५ नोव्हेंबर १८१७, खडकी. कंपनीकडून लढलेले बहुतेक शिपाई हिंदी. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होता. १७ नोव्हेंबरला या वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

त्याआधीचं पुणंही पटावर मांडता येईल. आपल्या बुद्धिबळात राणी नाही, वजीर आहे. राजा एकच घर चालतो, वजीर हवा तिकडे. १७७४ मध्ये सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. कारभार पुढे नाना फडणवीसांच्या हाती गेला.

असा संच कुणी कोरला, तर राजा पाळण्यात असेल, वजीर नाना. आणि आठही प्यादी मला वेगवेगळ्या चेहऱ्यांची हवीत.