मैदा लकडी: चिकट साल काय करते, काय करत नाही

मंडळी, ही पुडी हातोहात फिरवा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात मैदा लकडी मागितली की हीच साल देतात, आणि नावात मैदा असला तरी पुऱ्यांच्या मैद्याशी हिचा काडीचा संबंध नाही. शास्त्रीय नाव लिट्सिया ग्लुटिनोसा, त्यातलं ग्लुटिनोसा म्हणजे चिकट. दालचिनी, तेजपान, हे सगळे हिचे भाऊबंद.

आता ह्या वाटीत चमचाभर पूड आणि कोमट पाणी घातलंय, जरा थांबून बोट घालून बघा. भेंडी चिरताना सुटते तशी तार सुटलीय ना? सगळी करामत त्या तारेत. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात ह्या सालीत, गोड लागत नाहीत, पण पाणी धरून फुगतात आणि जिथं लागतील तिथं पातळ थर बसतो, मग घसा खवखवत असू दे की पोटात आग पडलेली असू दे, सोललेल्या जागेवर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटतं. जुलाबात, आवेत पण जुनी माणसं द्यायची. बाभळीच्या सालीशी मात्र गल्लत करू नका, ती टॅनिनवाली, आवळून धरणारी, म्हणून तर चामडं कमवायला वापरायचे.

अमेरिकेत स्लिपरी एल्म नावाचं झाड आहे, त्याची आतली साल अशीच बुळबुळीत, तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत आणि आजही घशाच्या गोळ्यांत असते. गंमत म्हणजे ते आपल्या वावळ्याच्या कुळातलं. पण कुळ एक म्हणून गुण एक असं नसतं, तेव्हा घरी जाऊन बांधावरचा वावळ सोलत बसू नका बाप्पा!

लेपाचं सांगतो. लहानपणी आखाड्यावर पाय मुरगळला की माय आंबेहळद आणि मैदा लकडी उगाळून गरम लेप लावायची, सकाळपर्यंत तो वाळून कडक व्हायचा, पाय हलायचाच नाही, अर्धा आराम तर त्यानंच पडत असेल असं माझं मत. त्याच भरवशावर मोठेपणी बांधावरून पडलो तवा आठ दिवस लेपच लावत बसलो. सूज उतरेना, शेवटी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. डॉक्टर लई बोलले, आणि बरोबरच बोलले.

ह्या चिकटपणाची दुसरी गिऱ्हाईक म्हणजे अगरबत्ती. मसाला काडीला धरून ठेवायला हीच पूड लागते, औषधाला चिमूटभर आणि तिकडं पोत्यानं, त्यामुळं जंगलात झाडं सोलून उभी मारतात. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळाला जातं, गोल पट्टा काढला की मूळ उपाशी, झाड काही दिवस हिरवं दिसतं आणि मग वाळतं. आपल्या लातूरात जंगलच नावाला, सगळा माल बाहेरून येतो, म्हणून ते मेलेलं झाड आपल्याला दिसत नाही एवढंच.

हां, मागून काका विचारायलेत, बीपीच्या गोळीबरोबर चालतं का? काका, बरोबर घेऊ नका. आतड्यावर थर बसला की गोळी पण उशिरा भिनायची शक्यता असते. दोन तासाचं अंतर ठेवा, आणि रोज घ्यायचं असलं तर आधी डॉक्टरला विचारा. गरोदर बायांनी पोटात घेऊच नये. वाटी इकडं द्या आता, वाळली तर धुता येणार नाही.