विमान अपघातानंतर अवशेषांना हात का लावायचा नाही?

नमस्कार. विमान अपघाताच्या जागी एखादा तुकडा नुसता बाजूला सरकवला, तरी तपासाचे किती नुकसान होऊ शकते, हे आज आपण पाहणार आहोत.

नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार, ज्या देशाच्या हद्दीत अपघात घडतो, त्या देशाने पुरावे जपायचे असतात आणि तपासासाठी आवश्यक असेल तोवर विमान व त्यातील वस्तू सुरक्षित ताब्यात ठेवायच्या असतात. ज्या देशात विमानाची नोंदणी, रचना किंवा निर्मिती झाली, तो देश आपला प्रतिनिधी पाहणी करेपर्यंत अवशेष जागचे हलवू नयेत, अशी विनंती करू शकतो. माणसे किंवा प्राणी बाहेर काढणे, आग रोखणे आणि वाहतुकीचा किंवा लोकांचा धोका दूर करणे, यांसाठी मात्र अवशेष हलवता येतात. जीव वाचवण्यापुढे कोणताही पुरावा मोठा नाही, आणि तसेच असायला हवे. बचाव पथकाने पत्रा कुठे कापला, हे तेवढे नोंदवून ठेवावे, नाहीतर तोच काप पुढे अपघाताची खूण समजला जाण्याची भीती असते.

एवढी काळजी कशासाठी? कॉकपिटमधला इशारा देणारा छोटा दिवा घ्या. धडकेच्या क्षणी तो पेटलेला असेल, तर त्याची तापलेली तार ताणली जाते. विझलेला असेल, तर थंड तार तशी ताणली जात नाही. म्हणजे वैमानिकाला इशारा मिळत होता की नाही, याचे उत्तर केसाएवढ्या तारेत सापडू शकते. तुटलेल्या भागांच्या कडाही म्हणूनच पुसत नाहीत आणि जुळतात का हे पाहण्यासाठी एकमेकांवर टेकवत नाहीत, कारण धातू थकून हळूहळू तडकला की एकाच झटक्यात तुटला, हे त्या कडांवरच वाचता येते. समुद्रातून काढलेला ब्लॅक बॉक्स घाईने वाळवत नाहीत, तर गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत नेतात.

शिवाय जळालेल्या कार्बन फायबरचे सूक्ष्म तंतू, दाबाखालचे ऑक्सिजनचे सिलिंडर आणि न फुटलेले टायर यांमुळे ही जागा प्रशिक्षित माणसालाही धोक्याची असते.

तपासाची गरज संपली की अवशेष नोंदणीच्या किंवा विमान चालवणाऱ्या देशाने नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवले जातात. काही अवशेष मात्र तपासानंतरही जपून ठेवले जातात: १९९६ साली न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात कोसळलेल्या टीडब्ल्यूए ८०० या विमानाचा तुकडे जोडून उभा केलेला सांगाडा २०२१ पर्यंत तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात होता.