लाल खुणांचा ट्रक

[दृश्य: मनसरच्या पुढचा महामार्ग. दोन्ही बाजूंना ओलं जंगल, ट्रकांची रांग.]

ऑगस्ट २०२५. राखीचे दिवस. नागपूर-जबलपूर रस्त्यावर देवलापारजवळ एका ट्रकची मोटरसायकलला धडक बसली आणि मागे बसलेली बायको गेली. ट्रक थांबला नाही. नवरा हात दाखवत राहिला, तरी दुसरंही कुणी थांबेना. शेवटी त्यानं तिचा देह मोटरसायकललाच बांधला आणि निघाला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, पुढेही पाठवला.

पोलिसांना तो सांगू शकला ते एवढंच: ट्रक मोठा होता, त्यावर लाल खुणा होत्या. नंबर नाही. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण 'मार्व्हल' या एआय यंत्रणेला दिलं. तिनं आधी लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, मग त्यांचा वेग ताडून पाहिला. ३६ तासांत ट्रक सापडला, सुमारे ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर रस्त्यावर. चालकाला अटक झाली.

[दृश्य: धाबा, रात्र. चहाचे ग्लास.]

"थांबलो त पब्लिक मारते ना भाऊ!" हायवेवरच्या कुठल्याही धाब्यावर हे ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. कायद्यालाही ते ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, जखमीला दवाखान्यात न्या. जमाव अंगावर येत असेल तर त्यातून सूट. पण जवळच्या ठाण्यात खबर द्यायचीच, फार तर २४ तासांत. म्हणजे जीव वाचवायला निघालात तर समजू शकतं, फक्त गाडी ठाण्याकडे वळायला हवी.

नाही वळली तर कलम १८७: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजारांत ट्रकचा एक टायर येत नाही!

निष्काळजीपणानं जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत. त्याच कलमात, खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची तरतूद लिहिली होती. जानेवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध चालकांनी चाकं थांबवली, नागपुरातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलैला संहिता लागू झाली, ते पोटकलम तेवढं बाजूला राहिलं.

[दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा. मांडीवर फाईल घेऊन बसलेली बाई.]

शिक्षेचं सगळे बोलतात, या फाईलचं कुणी बोलत नाही. गाडीचा नंबर कळला, तर दावा न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं यांचा हिशोब मांडतं आणि भरपाई ठरवतं. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून ठरलेली रक्कम: मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५०,०००. एप्रिल २०२२ पूर्वी तर मृत्यूला २५,०००च होते.

आणि परवाना, विमा धड असेल, तर न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई चालकाच्या खिशातून जातच नाही. विमा कंपनी भरते.