घडाघडा वाचतंय, पण कळतंय का? ऊसतोडीच्या तळावरची मुलं आणि वाचन

नमस्कार मंडळी. शिरोळ, कागल, करवीर, कुठनंही शिक्षकांची कमेंट येऊ दे, हंगामात प्रश्न एकच. तळावरनं आलेलं पोरगं धडा घडाघडा वाचतं, अर्थ विचारला की गप्प. काय करायचं?

आधी दाखल्याचं उरकतो. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वर्ग वयानुसार द्यायचा. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९, कलम ४ आणि ५. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण आणलं त्या कोल्हापुरात कागदावर काय अडायचं? पुढं.

घरात पावरी, भिली (आदिवासी भाषा) नाहीतर गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणाऱ्या पोराला ‘ऐ ऐरणीचा’ म्हणजे दोन कोडी. अक्षर नवं, शब्दही नवा. म्हणून अक्षराआधी शब्द. दहा-बारा चित्रं काढा: कोपी (तळावरची झोपडी), कोयता, बैल, मोळी, भाकरी. ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ विचारा. गोरमाटी पोर ‘बाटी’ म्हणेल. निळ्या खडूनं ‘बाटी’ लिहा, पांढऱ्यानं ‘भाकरी’, दोन्ही देवनागरीत. ‘ब’ आणि ‘ट’ शिकवायला आधी बाटीच घ्या. अर्थ त्याला ठाऊकच आहे.

‘मग मराठी कधी येणार?’ अहो, याच वाटेनं! तोच ‘ब’ बादलीत, तोच ‘ट’ टोपलीत.

पण ‘बाटी नव्हे, भाकरी म्हण’ हे तेवढं बंद करा. पोर चुकलेलं नाही, दुसऱ्या भाषेत बरोबर बोललंय. दर शब्दाला टोकलं की ते बोलायचंच थांबतं, आणि गप्प पोराला काय कळलं ते तुम्हाला कळणार कसं? आपण ‘काय करायलाईस’ म्हणतो, पुस्तकात ‘काय करतोस’ असतं. म्हणून आपण अडाणी काय? (पुण्यात म्हणतात, ते सोडा.) वाचताना अक्षर चुकलं तर जरूर सुधारा. बोली सुधारू नका.

आता तपासणी. धड्यातलं चित्र झाका. ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवा. शब्दपट्ट्यांचा क्रम बदला. अडलं तर ते पाठांतर होतं. नाही अडलं तर अर्थ विचारा, उत्तर घरच्या भाषेत चालेल. ती तुम्हाला येत नसेल तर दोन्ही भाषा बोलणारी थोरली बहीण शेजारी बसवा. आणि पुन्हा सांगतो, तिच्याही तोंडातला शब्द बदलू नका.

मार्च-एप्रिलला तळ उठला की पोराची वही त्याच्याबरोबरच द्या. शिक्षण हमी पत्रकाला (गाव सोडून जाणाऱ्या पोराबरोबर पुढच्या शाळेसाठी देतात ते) एक जादा कागद जोडा: कोणती अक्षरं ओळखतो, कोणते शब्द चित्राशिवाय वाचतो. नुसतं ‘वाचतो’ लिहिलंत, तर जूनला तिकडचे गुरुजी पुन्हा ऐरणीपासून सुरू करणार.