बाळ बसतं होताना

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली बारशाला झबली-टोपडी कमी आणि खोकी जास्त येतात. त्यातल्या एखाद्या खोक्यातून निघते जमिनीवर ठेवायची बाळाची खुर्ची, म्हणजे फ्लोअर सीट. कुणाकडे फोमची, कुणाकडे हवा भरायची, कुणाकडे हत्तीच्या तोंडाचा मऊमऊ सोफा. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. ‘यात ठेवलं की बाळ लवकर बसेल ना?’ असं आया मला विचारतात, आज्या तर जास्तच. माझं उत्तर सरळ आहे. ही खुर्ची बाळाला बसवून ठेवते. बसायला शिकवत नाही.

का, ते सांगते. जन्मतः बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसतं डोकंच असतं. ते डोकं तोलून धरायचं, त्याखाली पाठ, पाठीखाली कंबर, हे सगळं वरून खाली जमत येतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं. मग पालथं पडतं, हातांवर जोर देऊन छाती उचलतं. खुर्चीत न मिळणारी पाठीची मेहनत इथे होते. म्हणून जागं असताना, आपण समोर असताना, बाळाला दिवसातून चार वेळा तरी पालथं घाला. कुरकुरेल. कुरकुरू दे थोडं.

पुढे त्याला बसवलं की ते पुढे झुकतं आणि दोन्ही तळवे जमिनीवर रोवतं, अगदी बेडकासारखं. नीट बघा त्या वेळी. खुळखुळ्यासाठी एक हात उचलतं, अंग कलतं, पोट आवळतं, हात पुन्हा टेकतो. पुढे पडताना हात टेकायचं साधारण सहाव्या महिन्यात जमतं, बाजूला त्यानंतर, आणि मागे सगळ्यात शेवटी, नववा-दहावा महिना उजाडतो. चांगलं बसणारं बाळसुद्धा अचानक मागे धाडकन पडतं ते यामुळेच. मागे लोड हवा तो पडण्यासाठी, टेकण्यासाठी नव्हे.

खोलगट खुर्चीत काय होतं? मांड्या वर, बूड खाली खड्ड्यात, कंबर मागे कललेली, पाठीला बाक. डुलायला जागा नाही, हात टेकायची गरज नाही. बाळ खूश दिसतं, कारण त्याला जग उभं दिसतं. फोटोही छान येतो!

घाई मात्र करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास करून २००६ साली आकडे दिले. आधाराशिवाय बसण्याचं वय ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत निघालं. म्हणजे शेजारचं पाचव्यात बसलं आणि आपलं आठव्यात, तरी दोघंही ठीकच. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा.

मग सराव कसा घ्यायचा? सतरंजीवर दुपदरी गोधडी अंथरा. पाय पसरून बसा, बाळाला दोन पायांच्या मध्ये घ्या, त्याची पाठ आपल्या पोटाशी. आधी हात बरगड्यांशी धरा. पाठ सरळ राहायला लागली की हात खाली, कमरेशी आणा. काखेत धरून ठेवाल तर काम तुमचेच हात करतील. समोर वाटी-चमचा ठेवा. मग वाटी हळूच उजवीकडे सरकवा, डावीकडे सरकवा. ते वळेल, कलेल, स्वतःला सावरेल. पाच मिनिटं पुरे.

खुर्ची आणलीच असेल तर फेकू नका. मान पक्की झाल्यावर, तुम्ही शेजारीच पोळ्यांची कणीक मळताय, तेवढी दहा मिनिटं बाळाला बसवायला हरकत नाही. पण जमिनीवरच. ओट्यावर, टेबलावर, दिवाणावर कधीही नाही. बंबो ही दक्षिण आफ्रिकेतली प्रसिद्ध खुर्ची. उंचावरून पडून बाळांची डोकी फुटल्यामुळे अमेरिकेत २००७ मध्ये तिच्या सुमारे दहा लाख खुर्च्यांसाठी नवे इशारे द्यावे लागले आणि २०१२ मध्ये सुमारे चाळीस लाखांसाठी पट्टा. जमिनीवर ठेवलेल्या खुर्चीतूनही बाळं निसटली होती, म्हणून नजर हवीच. दुसरं, त्यात झोप लागली तर लगेच उचला. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. मऊ सोफ्यात तर हा धोका अधिक.

आता डॉक्टरांना कधी दाखवायचं? चौथा महिना संपला तरी मान लटकते, अंग लाकडासारखं ताठ किंवा अगदी ढिलं लागतं, एकच हात वापरतं, किंवा नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नाही, तर वाट बघू नका. ‘याचा बापही उशिराच बसला होता’ हे घरोघरी ऐकू येतं. ते खरंही असेल, पण तपासून घ्यायला काय जातं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात अशी तपासणी मोफत होते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचारही मिळतात. अंगणवाडीताईंना विचारा, आणि जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. त्यात बाळ काय कधी करायला लागतं याची चित्रं आहेत. तुमच्या बाळाने काय कधी केलं, तेही तिथेच लिहून ठेवा.