खानदेशच्या उन्हात पान पाणी कसे राखते

मे महिन्याची दुपार. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात पारा ४४ अंशांवर पोचला आहे. केळीच्या या बागेत ठिबकमुळे माती ओली आहे, तरीही प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू मधल्या जाड शिरेपासून खाली झुकलेल्या दिसतात. हे कोमेजणे नव्हे. शिरेच्या दोन्ही कडांना असलेल्या पेशींच्या पट्ट्यांतील पाण्याचा दाब घटला की पान असे मिटते, थेट ऊन झेलणारे क्षेत्र कमी होते आणि पाण्याचा ऱ्हास आटोक्यात राहतो.

बांधावरच्या कडुनिंबाची पर्णिका मात्र अशी मिटत नाही. तिचा सारा भार पर्णरंध्रांवर, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांवर, असतो. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. पहाटेच्या प्रकाशातील निळा भाग त्यांच्यावर पडला की त्या हायड्रोजनचे आयन बाहेर टाकतात, पोटॅशियमचे आयन आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरते. पेशी फुगतात, परंतु त्यांच्या भित्तिकेतील तंतूंची रचनाच अशी असते की फुगताना त्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट उघडते.

उघडलेल्या फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच फटीतून पाण्याची वाफ बाहेर जाते. झाडाला एक हवे असेल तर दुसरे द्यावेच लागते, आणि हा सौदा महाग आहे: कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे बहुतेक झाडे पाण्याचे काहीशे रेणू गमावतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच हवेत जाते.

तरीही ते वाया गेले असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. पानातील ओल्या पेशीभित्तिकांवरून पाणी उडते तेव्हा निर्माण होणारा ताण खोडातील जलवाहिन्यांमधून थेट मुळांपर्यंत पोचतो आणि पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात म्हणूनच तो तुटत नाही. हे स्पष्टीकरण डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडले. मात्र ताण प्रमाणाबाहेर गेला, तर वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी निकामी होते.

म्हणूनच दिवस चढल्यावर जे घडते, ते मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचे वाटते. हवा तापून कोरडी होते आणि मुळांकडून येणारे पाणी बाष्पोत्सर्जनाला, म्हणजे पानांतून वाफेच्या रूपाने जाणाऱ्या पाण्याला, पुरे पडत नाही. अशा वेळी ॲब्सिसिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाच्या संकेताने रक्षक पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, त्या सैल होतात आणि भर उन्हात रंध्रे अंशतः मिटतात. अन्ननिर्मिती मंदावते आणि बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही कमी होतो. कडुनिंबाच्या अरुंद पर्णिका वाऱ्याला आपली उष्णता सहज देतात. केळीच्या रुंद पानाला ते जमत नाही, त्यामुळे त्याचे झुकणे अधिकच मोलाचे ठरते. ऊन कलल्यावर पुरेसे पाणी असेल, तर रंध्रे पुन्हा थोडी उघडतात. सातपुड्यातील साग मात्र उन्हाळ्यात पानेच गाळून टाकतो.

अंधार पडताना बहुतेक झाडांची रंध्रे मिटतात, पण मुळे पाणी ओढत राहतात. जलवाहिन्यांमधील ताण उतरतो आणि दिवसभरात किंचित आकसलेले खोड पुन्हा फुगते. हा फरक मिलिमीटरच्या अंशांत असला, तरी खोडावर लावलेल्या सूक्ष्ममापकाने तो टिपता येतो. पहाटेपर्यंत पानातील पाण्याची स्थिती मुळांभोवतीच्या मातीशी जवळजवळ जुळते. माती कोरडी असेल, तर ही भरपाई अपुरी राहते आणि दुसऱ्या दिवशी रंध्रे आदल्या दिवसापेक्षा लवकर मिटू लागतात. केळीची पानेही अशा वेळी सकाळीच झुकू लागतात.